दावा कुणावर?

लोणावळ्यातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून राजेश्वरीबाई एक सूत्र घेऊन आल्या: दावा, पुरावा, विवेचन. धड्याचा आशय मुलांनी नुसता सांगायचा नाही, तो सिद्ध करायचा. शुक्रवारी केंद्रप्रमुख सातवीचा तास बघायला येणार होते. तास चांगला वठला तर बाई प्रशिक्षक होणार आणि बेडशाच्या लेण्यांपलीकडची ही आडबाजूची वाडी सुटणार.

त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं, 'दावा करा.' पोरं एकमेकांकडे बघू लागली. ज्याच्या घरी जमिनीचा दावा नाही असं पोर त्या वर्गात शोधावं लागलं असतं.

"बाई, कुनावर?" सुरजनं विचारलं.

कुणावर नाही रे, धड्याबद्दल, असं बाईंनी समजावलं. पुरावाही आणा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुरजनं सातबाऱ्याची झेरॉक्स आणली, दोघांनी आज्याचं आधार कार्ड. मग बाईंनी सूत्र बाजूला ठेवलं आणि उत्तरच लिहून दिलं: 'या धड्यातून त्यागाची महती कळते.' धडा शाळेला जमीन देणाऱ्या सीताराम आबांचा होता. सगळ्यांनी उतरवून घेतलं. एकट्या हिरानं नाही. तिचा बाप ज्या बंगल्याची राखण करायचा, तो उभा होता तिच्या घरच्यांच्याच जुन्या वावरात.

शुक्रवारी साहेबांनी नेमकी तिचीच वही उचलली.

'दावा: आबांनी जमीन दिली नाही, त्यांच्याकडून घेतली. पुरावा: पान बारा, सरपंचांनी कागद पुढे केला आणि आबांनी हसत अंगठा उठवला. विवेचन: अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नाही. कागद कुणी वाचून दाखवला, असं धड्यात कुठंच नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मांडणी उत्तम आहे म्हणाले, पण दावा चुकला. शिक्षकांच्या पुस्तिकेत आशय 'त्याग' दिलाय.

साहेब, पुरावा? हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी अहवालाचा छापील कागद पुढे सरकवला. प्रशिक्षकांत तुमचं नाव धाडतो, खाली सही करा, म्हणाले. बाईंनी हसत सही केली.

हिरा वही न्यायला टेबलाशी उभी होती.

"बाई, वाचला का कागद?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि तिला जागेवर बसायला सांगितलं. हिरा हलली नाही. मान वाकडी करून तिनं तो उलटा कागद सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा वाचला.

"सर्व विद्यार्थ्यांनी त्याग हाच आशय स्वतःहून मांडला."