ऑरिनची हाळी

अमेरिकेतल्या नेब्रास्कात तेव्हा आगगाडीचा ड्रायव्हर इंजिनाच्या शिट्टीवरून ओळखू यायचा. ऑरिन हॅस्केलची शिट्टी तर स्वतःची, पितळी, इंजिन बदललं की काढून नव्यावर चढवलेली. तिचा दोर तो असा काही खेचायचा, की लांब हेलकावे घेणारी हाळी अख्ख्या विलो बेंड गावाला ऐकू जायची. ती ऐकली की त्याची बायको लविनिया मक्याचा पाव भट्टीत सारायची. लग्न झाल्यापासून ऑरिनने गार पाव खाल्ला नव्हता.

आणि आता त्याला नवी गाडी मिळाली होती. पातळ चकचकीत पोलादाची, वाऱ्याला कापत जाणाऱ्या निमुळत्या नाकाची, डिझेलवर पळणारी. वजन घटवायच्या नादात कारखानेवाल्यांनी खुर्च्यांच्या पायांनासुद्धा भोकं पाडली होती. ऑरिन शिट्टी घेऊन त्यांच्या इंजिनिअरकडे गेला.

"एवढी बसवून द्या."

"वाफ कुठाय फुंकायला? ब्रेक लावायला लागणारी हवा या शिट्टीला पाजू? आणि वजन बघ हिचं! त्यापेक्षा तू पोट कमी कर."

गाडीला फक्त एक भोंगा होता. ऑरिनला मनापासून वाईट वाटलं. गाडी कितीही देखणी असो, आपण आलो हे घरी कळणारच नसेल तर त्या वेगाचं करायचं काय?

पहिल्याच फेरीला विलो बेंडचा पूल आला आणि त्याने भोंगा दाबला. गाडी हंबरली. त्याने हळू दाबलं, तोडून दाबलं, हेलकावा द्यायचा प्रयत्न केला. गाडी आणखी हंबरली. कुंपणापलीकडच्या गायी शेपट्या वर करून धावत सुटल्या.

"काका, पुरे!" मदतनीस ड्यूई हसून हसून लोळत होता. कोळसा नाही, फावडं नाही, त्याला दुसरं काम तरी काय होतं! "कळपाला वाटतंय वळू आलाय."

ऑरिनने ऐकलं नाही. पिठाच्या गिरणीपर्यंत भोंग्याशी झोंबत राहिला.

संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला. टेबलावर पाव होता. वाफाळता.

"तुला कळलं कसं?"

"आधी वाटलं, कुणाची तरी गाय विहिरीत पडली," लविनिया म्हणाली. "मग ती गाय पुलापासून गिरणीपर्यंत काही केल्या थांबेना. म्हटलं, भोंग्याची मानगूट धरून त्याला गायला लावणारा असा हट्टी माणूस अख्ख्या रेल्वेत एकच आहे. हात धू आणि बस."