एक्केचाळीस सुतकांचा काळा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. हल्ली काचेच्या कपाटात उभा असतो. माझ्या आत माणूस नाही; होता तेव्हाही फारसा फरक पडत नव्हता.

श्नेकेनश्टाइन नावाच्या जर्मन राज्यात मला शिवलं. राज्य केवढं? राजवाड्याची मांजर उंदरामागे धावली, की उंदीर परराज्यात सापडायचा आणि महिनाभर दोन दरबारांत खलिते फिरायचे. जमीन नव्हती, पण नातेवाईक उदंड. युरोपातल्या दर दुसऱ्या सिंहासनावर आमच्या राजकन्या आडेलगुंडेचा कुणी मामेभाऊ बसलेला असे, नाहीतर नुकताच त्यावरून पडलेला असे. जिवंतपणी ते कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी ऐकलं नाही. मरत मात्र नेमाने.

कुणी मेलं की दरबार काळ्यात. चुलत्याचे किंवा आजीचे सहा आठवडे, मावसभावाचे तीन, त्याच्या मावसभावाचे आठ दिवस. हा तक्ता फॉन क्नोबेल नावाच्या मानकरीणबाई उशाशी घेऊन झोपत. सुतकात नाच नाही, गाणं नाही, लग्न नाही. आडेलगुंडेने मला चाळीस सुतकांत घातलं. ज्यांच्यासाठी घातलं, त्यांतल्या दोघांनाच तिने पाहिलं होतं, त्यातही एकाला पाळण्यातून. जांभया मात्र मी चिक्कार पाहिल्या.

शेजारच्या राज्याच्या एबरहार्टशी तिचं लग्न ठरलं. त्याच्या कानांपलीकडे मला त्याच्यात काही दिसलं नाही, पण तिचा जीव त्याच्यावर जडला होता. लग्नाची पहिली तारीख धरली, तर इटलीतला एक चुलता गेला; लग्न लांबलं. दुसरी धरली, तर दुसरा चुलता रानडुकराच्या शिकारीत गेला; डुक्कर खुशाल आहे. मग मुलाच्या बापाने निरोप धाडला, "ही तिसरी तारीख शेवटची. चुकली तर आम्ही दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे."

लग्नाच्या सकाळी पहिल्या तारखेचा पांढरा पोशाख बाहेर निघाला, तो पाठीवर मिटेना. दर सुतकात मन रमवायला आडेलगुंडे बटाट्याचे गोळे खात असे.

"बाईसाहेब, श्वास सोडा," दासी लीसबेट म्हणाली.

"सोडलाच आहे."

"मग गोळे सोडायला हवे होते."

शेवटी मलाच पांढरी झालर टाचली. तिथल्या खेड्यांतल्या पोरी काळ्यातच लग्न करतात, त्यामुळे कुणी नाक मुरडलं नाही. मी मुरडलं.

चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि पत्र आलं. वरची लाख काळी, म्हणजे कुणीतरी गेलं. मोहोर वालबुर्गाआजीच्या मठाची. ही आडेलगुंडेच्या आईची मावशी, म्हणजे तक्त्यात आजीच; बायकांच्या मठाची मुख्य. लहानपणी दर उन्हाळ्यात तिनेच नातीला नदीत पोहायला शिकवलं होतं, आणि दोन-चार ठसठशीत शिव्याही.

"फोडा तरी," लीसबेट म्हणाली.

"फोडलं तर कळेल. कळलं तर सहा आठवडे."

एवढं बोलून तिने पत्र माझ्या अस्तरात कोंबलं. मित्रांनो, इतक्या सुतकांत मी तिचा ऊर वागवला, पण तो निगरगट्ट ऊर पहिल्यांदाच इतका धडधडत होता.

अंगठी बोटाच्या पेरापर्यंत गेली आणि चर्चचं दार धाडकन उघडलं. दारात वालबुर्गाआजी. केसांत कोबीचं पान.

"मी लिहिलं होतं पुलावर गाडी पाठवा म्हणून. दोन तास उभी होते. कोबीच्या गाडीतून आले. पत्र कुणी गिळलं?"

नवरी पांढरीफटक पडली. तिने अस्तरातून पत्र काढलं.

"फोडलंही नाहीस?"

"लाख काळी होती. वाटलं, तुम्ही गेलात."

"मठात बिशपच्या बहिणीचं सुतक चालू आहे. तांबडी लाख कुठून आणू? बरं, मी गेले असं वाटलं. मग रडलीस?"

"वेळ नव्हता, आजी."

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अंगठी कुठवर आली?"

"अर्ध्यावर."

"मग चढव पुरती. मी खरंच मरायच्या आत."

लग्न झालं. म्हातारी पुढे अकरा वर्षं जगली आणि भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटली. मग खरंच गेली. तक्त्याप्रमाणे सहा आठवडे. ते सरल्यावर क्नोबेलबाई मला पेटीत ठेवायला आल्या, तर आडेलगुंडेने तक्ता त्यांच्या हातून घेतला आणि शेगडीत टाकला. वर्षभर तिने मला उतरवलं नाही. त्या वर्षात माझ्या छातीवर खाऱ्या पाण्याचा एक पांढुरका डाग पडला.

परवा संग्रहालयाचे एक चष्मेवाले साहेब भिंगातून तो पाहत म्हणाले, "हे आधी स्वच्छ करायला हवं."

मित्रांनो, माझी झालर कसरीने खाल्ली तर खाऊ द्या, बटणं हवी तर उपटून न्या. त्या साहेबांचा हात तेवढा धरा. एक्केचाळीस सुतकं पाहिली मी, पण ओला एकदाच झालो.