डुकरीण आत येईपर्यंत

"रानडुकरं काय मी पाळलीत?" निवृत्त नर्सबाईंनी शेतीखात्याच्या निरीक्षकाला दारातच विचारलं.

"पाळली नाहीत, पण राहतात तुमच्याच झुडपांत," तो म्हणाला. "जमीन तुमच्या नावावर, म्हणून बंदोबस्तही तुम्हीच करायचा. कायदाच आहे तसा. नाहीतर आम्ही येऊन करणार."

शेजारचं शेत त्यांच्या धाकट्या दिराचं. डुकरांनी त्याचे बटाटे उकरून टाकले होते आणि हाकलायला गेल्यावर धडक देऊन त्याचा पाय मोडला होता. त्या पायाचं प्लास्टर डोळ्यांसमोर आलं आणि नर्सबाई "बरं" म्हणाल्या.

निरीक्षकाने ओढ्याकाठी जाळीचं मोठं कुंपण उभारून दिलं. त्याचं दार दोरीने वर टांगलं. रोज आत मका टाकायचा, कळप निर्धास्त झाला की दोरी सोडायची.

"पण कळपाची म्होरकी आहे ना, ती म्हातारी डुकरीण, ती आत आल्याशिवाय नाही हं," त्याने बजावलं. "ती सुटली, तर पुन्हा एकही फसणार नाही."

नर्सबाई नाक मुरडत मका टाकू लागल्या. मग आडोशाला थांबून बघूही लागल्या. जन्म वॉर्डात गेलेला. कोण खातंय, कोण लंगडतंय, हे आपोआप नजरेत भरे. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून मका फस्त करत. डुकरीण मात्र बाहेरच फिरे, एकेक खांब नाकाने ढकलून पाही.

"वहिनी, लळा लावून घेऊ नका," कुबडीवर आलेला दीर म्हणाला.

"लळा कसला! तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून बघते."

एका संध्याकाळी आतलं एक पिल्लू जाळीत अडकून किंचाळलं. मक्याकडे ढुंकूनही न बघता डुकरीण थेट आत धावली. दोरी नर्सबाईंच्या हातात होती. हात हलेचना. मग दिराचा पाय आठवला आणि दार धाडकन पडलं.

निरीक्षक बंदूक घेऊन आला. "बाई, तुम्ही घरी जा आता."

"आधी ते पिल्लू सोडवा."

"आता काय उपयोग?"

"दुखतंय त्याला."

त्याने बाहेरूनच तार कापली. पिल्लू आईच्या पोटाशी शिरलं.

"निदान तोंड तरी फिरवा," तो हळूच म्हणाला.

नर्सबाईंनी रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्या कुंपणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.