तळपायातून निघालेला गंज

टबात सोडलेलं यंत्र सुरू होताच पाणी तपकिरी झालं आणि सभागृहभर "अबब!" उमटलं.

"पाहा, पेशीपेशीत साठलेला गंज!" तारुण्यगुरू माइकमध्ये गरजले. "विज्ञान सांगतं, फ्री रॅडिकल्स नावाच्या घातक कणांमुळे माणूस म्हातारा होतो. आम्ही ते तळपायातून खेचून काढतो. आजोबा, किती वर्षं गळली?"

"दहा तरी!" टबात पाय सोडून बसलेले आजोबा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरूंना स्वतःच्या केसांना कलप का लावावा लागतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शेवटच्या रांगेत ताईशेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. ताईला मधुमेह. याच माणसाचं ऐकून तिने इन्सुलिन सोडलं, जखम झालेला पाय सहादा याच टबातल्या खाऱ्या पाण्यात बुडवला. दोन बोटं कापावी लागली. इन्सुलिन आजच सुरू केलं नाही तर पाऊलही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईचं आपलं एकच, आणखी चार बैठका! धाकटीचं रक्त उकळत होतं. तिला या माणसाला चारचौघांत, त्याच्याच माइकवर उघडं पाडायचं होतं.

ती तरातरा मंचावर गेली.

"आमच्याकडे प्रत्येक तपासणी आधी एकदा रिकामी करतात, रक्ताचा थेंबही न घालता. तुमचं यंत्र पायांशिवाय चालवू या."

"अहो बाई, देहाशिवाय यंत्र रुसतं!"

"रुसू दे. मी काढते समजूत."

लोक हसले. तिने आजोबांना पाय बाहेर काढायला लावले, टब रिकामा करून ताजं पाणी ओतलं, गुरूंच्याच डब्यातलं मीठ टाकलं आणि बटण दाबलं. पाणी आधी पिवळं पडलं, मग तपकिरी.

"बोला, हे कुणाचं म्हातारपण?"

"हे... हवेतले दोष..."

तिने वीज बंद करून यंत्राचा दांडा वर काढला. आत दोन खडबडीत, खाल्लेल्या पट्ट्या.

"हे लोखंड. खाऱ्या पाण्यात वीज सोडली की ते गंजतं. फ्री रॅडिकल्स शरीरात असतात, खरंय. त्यांनीच म्हातारपण येतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण ते तळपायातून गळत नाहीत!"

गुरूंनी हात जोडले. "ताई, मिटवून टाकू."

"मला ताई म्हणू नका. माझी ताई तिकडे बसलीय. तिच्या पायाकडे बघून बोला."

"खोटं होतं," असं ते पुटपुटेपर्यंत तिने माइक त्यांच्या तोंडापुढून हलवला नाही. तिला फार बरं वाटलं, आणि त्याची जराही लाज वाटली नाही.

मग ती लोकांकडे वळली. "कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, एकदा रिकामं चालवून दाखवा."

ताई काठी टेकत उठली आणि दारापाशी खुर्ची ओढून बसली.

"इन्सुलिन आणलंयस ना? दे इकडे. आणि पोलिसांना फोन लाव. ते येईपर्यंत हा इथून कसा जातो, तेच बघते मी."