रिकामा परत आलेला डबा

कल्याणीताई वर्ध्याहून आल्या त्या पूर्णिमेला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. लेकीला सातवा लागला होता आणि परतीची दोन तिकिटं पर्समध्ये तयार होती. आल्या दिवशीच विहीणबाईंनी, म्हणजे शैलाताईंनी, चहाचा कप पुढे सरकवत सांगून टाकलं की डॉक्टर इथला, दवाखाना इथला, तेव्हा वर्ध्याचा प्रश्नच येत नाही. वर मागच्या महिन्यात पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा घासूनपुसून हातात ठेवला. रिकामा. चिमूटभर साखरसुद्धा नाही. कल्याणीताईंच्या घरातून शेजारणीची वाटीही कधी रिकामी परत गेली नव्हती. त्यातून पूर्णिमेच्या वाट्याला त्यातले दोनच लाडू आले होते.

तिसऱ्या दिवशी पाहुणीला पुणं दाखवायचं म्हणून तिघी कसबा पेठेत निघाल्या. दाखवणं कसलं! शैलाताई चार पावलं पुढे, मागे वळून न बघता, "हे देऊळ", "ही तांबट आळी", कंडक्टरने थांबे पुकारावेत तसं.

देवळामागच्या दगडी कट्ट्यावर पूर्णिमा टेकली. चपलेतला खडा काढायला कल्याणीताई वाकल्या, तर कट्ट्याच्या फटीत एक हिरवा प्लास्टिकचा डबा. त्यांनी तो ओढून काढला.

"वर्ध्याला रस्त्यावरचं काहीही उचलतात वाटतं," शैलाताई म्हणाल्या. "करणीबिरणी असेल. ठेवा खाली."

करणी करणारे झाकण एवढं घट्ट लावत नसावेत, असं मनाशी म्हणत कल्याणीताईंनी ते उघडलं. आत छोटी वही, पेन्सिलीचा तुकडा, शिट्टी, दोन बटणं आणि एक घुंगरू. पूर्णिमा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. तिच्या ऑफिसातली मुलं सुट्टीला हेच खेळतात म्हणे. कुणीतरी डबा लपवतं, जागा फोनच्या नकाशावर टाकतं, बाकीचे शोधत येतात. सापडला की वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घेतली तर एक ठेवायची, आणि डबा होता तिथेच सरकवायचा.

हे कल्याणीताईंना पटलं. त्यांनी घुंगरू उचललं, बाळाच्या करगोट्याला होईल म्हणून, आणि पर्समधली खडीसाखरेची पुडी डब्यात ठेवू लागल्या.

"झाकणावर चिठ्ठी आहे. खाण्याचं ठेवू नये, मुंग्या लागतात," शैलाताई म्हणाल्या. "वाचता येत असेलच."

"येतं. डबा रिकामा परत करणं तेवढं अजून जमत नाही."

शैलाताईंनी पदर खोचला. "एकदा ठेवलेली वस्तू परत न्यायला येणं मात्र जमतं."

"लेक दिली मी. बदल्यात घासलेला डबा मिळाला."

"दोघींनी मला डब्यात घातलंच आहे, तर झाकणही लावून टाका," पूर्णिमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आई, मी वर्ध्याला येत नाही. बारा तास गाडीत माझ्याच्याने बसवणार नाही." शैलाताईंची मान ताठ झाली. "आणि अहो आई, माझी आई इथेच राहील. तीन महिने. ओटा दोघींचा."

दोघी विहिणींच्या चेहऱ्यावर अगदी एकसारखा वैताग उमटला. त्यांचं एकमत झालेलं ते पहिलंच.

कल्याणीताईंनी खडीसाखरेची पुडी परत पर्समध्ये ठेवली आणि बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून डब्यात टाकली. वहीत लिहिलं, 'कल्याणी, वर्धा'. पेन्सिल थोडी थांबली. मग पुढे लिहिलं, 'सध्या पुणे'. डबा फटीत सरकवला.

"तीन महिने," शैलाताई देवळाच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मग लाडवांत जायफळ कमी घाला. मागच्या खेपेला फार होतं."

"एवढं फार होतं, तर डबा रिकामा कसा झाला?"

"अन्न टाकायची आमच्याकडे पद्धत नाही," शैलाताई म्हणाल्या आणि चार पावलं पुढे चालू लागल्या.

पर्समध्ये तिकिटांशेजारी टाकलेलं घुंगरू पावलागणिक वाजत होतं. त्यामुळे पार रस्त्याला लागेपर्यंत, मागे वळून न बघताही, विहीण मागेच आहे हे शैलाताईंना कळत राहिलं.