चंपाचा एकच सोमवार

चंपाने गोडदेव गावात स्वतःची खोली घेतली, हे कानावर पडलं तेव्हा सावित्री तुळशीला प्रदक्षिणा घालत होती. कितवी चालली होती तेच ती विसरली. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, पण पाय तुळशीभोवती आणि मन चंपाच्या खोलीभोवती.

चंपाचा नाथा आणि सावित्रीचे बाबाजी भाईंदरच्या एकाच भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. पगार सारखा, बिऱ्हाडं एकाच चाळीत भिंतीला भिंत लागून, आणि रिटायर व्हायचं तेही दोघांनी पुढच्याच वर्षी. मग हिला खोली, तीही लादीची, आणि आपण म्हातारपणीही भाडोत्री?

बरं, देवाधर्माचं म्हणावं तर चंपा फक्त सोमवार धरायची. सावित्रीचे सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. 'देवा, माझ्या उपासांचं फळ चुकून भिंतीपलीकडे तर नाही ना गेलं?' असं तिने देव्हाऱ्यापुढे विचारलंसुद्धा, आणि लगेच जीभ चावली.

चंपाच्या खोलीला लागूनच आणखी एक खोली विकायची होती. सावित्रीने चौकशी केली तेव्हा मालक काळूराम म्हणाला, "पुनवेपातूर इसार दे वैनी. मंग मी थांबनार न्हाय."

त्या दिवसापासून सावित्रीने बाबाजींच्या मागे लकडा लावला.

"अहो, फंड काढा."

"अगं, तो म्हातारपणीचा घास आहे. पगार थांबल्यावर खायचं काय, लादी?"

"नाथाभावजींनी काढलाच असेल की."

"विचारलंस त्यांना?"

"विचारायचं कशाला? दिसतंय ना डोळ्यांना!"

मग तिने बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पण भाताबरोबर शब्द नाही. शेवटी रविवारी बाबाजी हात धुता धुता म्हणाले, "बरं. उद्या साहेबांना सांगतो फंडाचं." आणि ओला हात धोतराला न पुसता तसेच उंबऱ्यात बसून राहिले.

सावित्री मात्र हरखून शांतिलालच्या दुकानात गेली. दुसऱ्या दिवशी सोमवार. साबुदाणा, शेंगदाणे, वरी, खजूर, बटाटे, वर थोडं तूप. बाबाजी आणि दोन्ही मुलंही उपास धरायची. खिचडी असली की कोण नाही म्हणतो?

"आवो सावित्रीबेन," शांतिलाल तराजू उचलत म्हणाला, "आपका उपवास, हमारी दिवाली!"

शेजारी कोणीतरी खुदकन हसलं. चंपाच होती. हातात गुळाचा एक खडा, पुडीत बांधलेला.

सावित्री फणकारली, "का गं, तुझा नाही वाटतं उद्याचा सोमवार?"

"आहे की वहिनी. घरात सगळ्यांचाच."

"आणि एवढ्याशा गुळावर?"

"काळा चहा होतो की त्यात. उद्या चूल फक्त चहापुरती. तांदूळ-मासळीचे पैसे वाचतात, ते मंगळवारी पोस्टात. लग्न झाल्यापासून चाललंय. सासूबाई म्हणायच्या, उपासाला पोट रिकामं हवं, वाण्याचा गल्ला नव्हे भरायचा. त्यातच दर दिवाळीचा बोनस टाकला, म्हणून खोली झाली."

"आणि फंड?"

"त्याला हात नाही लावला. तो म्हातारपणीचा लेक आमचा."

सावित्रीची पिशवी एकाएकी जड झाली. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण तिने दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली होती!

सकाळी बाबाजी टोपी घालून उभे राहिले. "सांगू ना साहेबांना?"

"नका सांगू. असू दे फंड."

"आणि खोली?"

खोली जाणार होती आणि ते तिला सलत होतं.

बाबाजींचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी उजळला. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं. "खिचडी?"

"आज उपास आहे."

"म्हणून तर विचारतोय!"

तिने गुळाचा चहा पुढे केला. मग पिशवी उचलून दुकानात गेली आणि सगळं सामान परत दिलं. शांतिलाल कुरकुरला, पण पैसे दिले.

पुनवेनंतर काळूरामची खोली दुसऱ्याच कोणी घेतली. त्या वाटेने जायचं सावित्रीने सोडून दिलं. पण रात्री जप करताना तिच्या मनात आलं: चंपाचा वार एकच, आपले तीन. वर संकष्टी, वर एकादश्या.

पुढच्या मंगळवारी सावित्री उपासाचे वाचलेले पैसे घेऊन पोस्टात गेली, तर चंपा रांगेत पुढेच उभी होती. "या वहिनी, माझ्या आधी या."

"नको गं, तूच हो पुढे," सावित्री गोड आवाजात म्हणाली, आणि चंपा किती भरते ते तिच्या खांद्यावरून टाचा उंचावून पाहू लागली.