होडीच्या रंगाखालची अक्षरं

मी धाकू. आठवडा बाजाराजवळ माझं सायकलचं दुकान आहे आणि तोंड माझं पहिल्यापासून वाईट. बायको म्हणते, गावच्या सायकलींना ब्रेक बसवता, स्वतःच्या जिभेला बसवायचा राहिला. खरं आहे. ऐकून घ्या आणि हव्या तेवढ्या शिव्या द्या.

पंक्चर काढणारे रत्नागिरीत पुष्कळ. पण जुन्या अमेरिकन सायकलीची फ्रेम बघून ती कुठे बनली, कधी बनली, हे सांगणारा मी एकटाच. इंटरनेटवर जुने कॅटलॉग वाचून वाचून शिकलो. पुण्यामुंबईचे शौकीन फोटो पाठवतात आणि मी नंबर वाचून सांगतो, ही शिकागोची, हिचं नाव अमेरिकन पण फ्रेम जपानात जोडलेली. ‘वा मेस्त्री’ म्हणतात लोक. मला ते फार आवडायचं.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळायचो. खरवडल्याशिवाय साल सांगायचं नाही. आमच्याकडची हवा खारी, लोखंड बघता बघता खाते. म्हणून भाट्ये, मिरकरवाड्याची माणसं पावसाआधी होडी रंगवली की उरलेला रंग सायकलीला फासतात. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर खाली गडप होतो. थिनर आणि पॉलिश पेपर घेऊन बसलं तर दहा मिनिटांचं काम. ते केल्याशिवाय मी कधी बोललो नव्हतो. एकदाच बोललो.

भाट्याला हरिश्चंद्रकाका राहतात. वय सत्त्याहत्तर. तरुणपणी बोटीवर होते, एकोणऐंशी साली नोकरी सोडून घरी आले ते कायमचे. त्यांच्याकडे एक अमेरिकन लेडीज सायकल. लग्न ठरलं त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तरला, बोट शिकागोला लागली होती तेव्हा तिथल्या दुकानातून कोरी घेतली आणि इंजिनरूममध्ये बांधून आणली, यमुनासाठी, असं ते सांगायचे. यमुनाबाई म्हणजे त्यांची बायको. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. सायकल काकांनी कुणाला हात लावू दिली नाही. मी दोनदा विकत मागितली, दोनदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा तर म्हणाले, तुझ्या दुकानात ती आली तर तू तिला सोलशील. लागलं ते मला. खोटं कशाला बोलू, खूप लागलं.

गेल्या जानेवारीत आमच्या सायकल क्लबने भाट्याच्या किनाऱ्यावर जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरवलं. परीक्षक मी. काका इस्त्रीचा शर्ट घालून सायकल घेऊन आले, सोबत नात आरोही. अकरावीत आहे ती. तिने पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात सगळी हकिगत लिहून आणली होती, शिकागो, इंजिनरूम, आजी, सगळं. शंभरेक माणसं गोळा झाली आणि कुणीतरी माईक माझ्या हातात दिला.

सायकलीला डोक्यापासून पायापर्यंत होडीचा निळा रंग. फक्त हँडलखालच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला काकांनी घासून लख्ख ठेवलेला. त्यावर चार आकडे, एक एक आठ तीन. मी लोकांना समजावलं. पहिले तीन आकडे म्हणजे वर्षातला दिवस, एकशे अठरावा, म्हणजे अठ्ठावीस एप्रिल. शेवटचा तीन म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. टाळ्या पडल्या.

आता हा तीन त्र्याहत्तरचा की त्र्याऐंशीचा, हे बिल्ला सांगत नाही. ते सांगतात त्याच नळीच्या डाव्या बाजूला ठोकलेली अक्षरं, आणि ती रंगाखाली होती. हे मला ठाऊक होतं. तिथे उभा असताना, माईक हातात असताना, पक्कं ठाऊक होतं. पण लोक थांबलेले, ऊन चढलेलं, आणि ते ‘सोलशील’ मी अजून विसरलो नव्हतो. मी म्हणालो, त्र्याऐंशी.

लोक काकांकडे बघायला लागले. काका बोटीवरून एकोणऐंशीला उतरले हे अख्ख्या भाट्याला माहीत. काका हळूच म्हणाले, नाही रे धाकू, त्र्याहत्तर. तेवढ्यावर तरी मी थांबायचं ना! नाही. मी माईकमध्येच म्हणालो, “काका, नाव हरिश्चंद्र आणि सायकल मुंबईच्या भंगारातली?”

हशा पिकला. आरोही खाली बघत होती. काकांनी तो पुठ्ठा उचलला, उलटा करून कॅरियरला लावला आणि सायकल हातात धरून वाळूतून निघून गेले. मी पुढच्या सायकलीकडे वळलो. दुपारी घरी सुरमईवर आडवा हात मारला आणि झोपलो. लाज म्हणून नाही वाटली.

एप्रिलमध्ये काकांची मुलगी श्रद्धा टेम्पोतून ती सायकल घेऊन दुकानात आली. बाबांनी पाठवलीय म्हणाली. तुम्हाला हवी होती ना, घ्या, पैसे नकोत. मी विचारलं, काका कसे आहेत? ती म्हणाली, बोलत नाहीत फारसे. आणि गेली.

फुकट मिळाली म्हणून मी, निर्लज्ज, खूशच झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी थिनर घेऊन बसलो. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा, मग पुन्हा निळा. शेवटी नळीच्या डाव्या बाजूला अक्षरं उमटली. पहिलं डी, दुसरं जे. डी म्हणजे एप्रिल महिना. जे म्हणजे त्र्याहत्तर. त्या कंपनीच्या फ्रेमवर जे दुसऱ्या कुठल्याच सालाचं नाही.

माणूस शंभर टक्के खरं बोलत होता आणि मी त्याला त्याच्याच गावात, त्याच्या नातीसमोर खोटा पाडला होता. सायकल कळत नव्हती म्हणून नाही. कळत होती आणि तरी पाडला. क्लबच्या ग्रुपवर लगेच लिहिलं की चूक माझी, काकांचं खरं. चार अंगठे आले आणि त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

सायकल टेम्पोत टाकून भाट्याला गेलो. काका पडवीत बसले होते, आरोही दारात पुस्तक घेऊन. मी चपला काढल्या आणि थेट पाय धरले. म्हटलं, काका, मी चुकलो, त्र्याहत्तरच आहे, अक्षरं सापडली, बघा. फ्रेम त्यांच्या गुडघ्याशी आणली आणि त्यांचं बोट धरून त्या खाचांवरून फिरवलं.

आरोहीने मोबाईलच्या उजेडात अक्षरं बघितली. मग माझ्याकडे वळली. “ही अक्षरं त्या दिवशी पण इथेच होती ना? मग तेव्हा का नाही खरवडलंत?”

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. म्हटलं, लोक बघत होते, आणि मला तुझ्या आजोबांचा राग होता. मान खाली घालून उभा राहिलो, पन्नाशीचा घोडा मी.

काका मात्र हसले. रागावून नाही, अगदी मायेने. दुकानात सायकलींवर मालकाचं नाव ठोकायला माझ्याकडे अक्षरांचे पंच आहेत, हे सगळ्या भाट्याला माहीत आहे. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“ठोकलीस ना तूच? कशाला रे एवढा त्रास घेतलास?”

मी म्हटलं, नाही काका, देवाशपथ नाही, ही कंपनीची आहेत. ते म्हणाले, असू दे. मी पण तेव्हापासून विचार करतोय. तू त्यातला जाणकार, तू सांगतोस तर त्र्याऐंशीच असणार. शिकागो, इंजिनरूम, सगळं मीच कधीतरी मनाने रचलं असेल आणि तेच खरं वाटायला लागलं असेल. वय झालं आता. यमुना असती तर तिला विचारलं असतं.

“काका, तुम्हीच खरे होतात,” मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. रडायलाच आलं मला.

काका आरोहीला म्हणाले, मेस्त्रींना बोलू नको हो काही, म्हाताऱ्याचं मन राखायला एवढ्या उन्हाचे आलेत. जा, चहा टाक.